आजारपणाची वर्गणी कोणाच्या नावाने?

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांसमोर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. चूल, भांडी, पांघरुणे, शेळी आणि लेकरे असा सगळा संसार वर चढतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत काढायचे आणि चैत्राच्या सुमारास परत यायचे.

या निघण्याच्या आधी मुकादमाच्या ओसरीवर उचल मोजली जाते. उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', आणि उचल त्या कोयत्याची. पैसे हातात पडले की त्यांच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात: मागची बाकी, पोरीचे लग्न, घरावरचे पत्रे, आटलेल्या विहिरीशेजारचे बोअर. मी बँकेच्या नोकरीत असताना ही वाटणी अनेकदा जवळून पाहिली. त्या यादीत आजारपण हे नाव मी कधी ऐकले नाही. आजार काय सांगून येतो का, असे आपण म्हणतो. पण सहा महिने पाठीवर मोळ्या वाहणाऱ्या बाईचे आजारपण तर दरवर्षी सांगूनच येते. फक्त त्याच्यासाठी कोणी पैसे काढून ठेवत नाही.

हे लिहायला कारण झालेली एक जुनी आठवण आहे. १९८९-९० चा हंगाम असावा. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत अधिकारी होतो. जानेवारीतल्या एका दुपारी एक तिशीच्या आतली बाई काउंटरशी आली. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून फडावरून एकटीच परत आलेली. तिने पदराच्या गाठीतून पासबुक काढले. खात्यात अकराशे चाळीस रुपये होते. खाते नवऱ्याच्या एकट्याच्या नावाचे, अंगठ्याचे. आणि नवरा सांगलीकडे उसात. मी तिला समजावून सांगितले की खातेदार समोर असल्याशिवाय पैसे देता येणार नाहीत. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सायब, ऊस काय त्यायनी एकल्यानं तोडला व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमाने मी बरोबर होतो, आणि आजही त्या खुर्चीत बसलो तर तेच करीन. दुसऱ्याच्या खात्यातले पैसे असे देता येत नाहीत, हा नियम खातेदाराच्या भल्यासाठीच आहे. पण चूक कुठेतरी नक्की होती. ती खाते उघडण्याच्या दिवशी झाली होती. त्या दिवशी ती नवऱ्याच्या शेजारी उभी असणार, आणि आमच्यापैकी कोणीही तिला विचारले नव्हते की बाई, तुमचेही नाव लावायचे का?

दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा दिसली. मी ओळख दिली, त्रास कसा आहे म्हणून विचारले. ती अगदी सहज म्हणाली, "आता कटकटच मिटली, पिशवी काढून टाकली." पैसे कुठून आणले? मुकादमाने वाढीव उचल दिली होती. ती पुढच्या दोन हंगामांत फेडायची होती. अकराशे चाळीस रुपयांतले शे-दोनशे वेळेवर हाती आले असते तर तपासणी झाली असती, औषध झाले असते. तेवढे मिळाले नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र हजारोंचे कर्ज मिळाले. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बरीच दुःखे रंगवली. पण या हिशेबाइतके क्रूर काही मला रचता आले नाही.

आपण वर्गणी न जाणणारे लोक नाही. गणपतीची वर्गणी, सप्ताहाची वर्गणी, बायकांची भिशी हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. भिशीचे नियम तर निरक्षर बाईलाही पाठ असतात. कोणी भरायचे, किती भरायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पैसे कोणाला व कधी मिळणार, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणी भिशीत पाय ठेवत नाही. आजारपणाच्या पैशाबद्दल हेच चार प्रश्न आपण विचारत नाही. विमा काढला म्हणजे झाले, कार्ड मिळाले म्हणजे झाले, असे समजून कागद कपाटात ठेवतो आणि दवाखान्याच्या दारात तो प्रथमच वाचायला घेतो.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो गेल्या खेपेस घरी आला तेव्हा जेवताना तिकडच्या 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट'ची गोष्ट निघाली. आजारपणासाठी करमुक्त पैसे साठवण्याचे हे खाते तिकडे २००३ च्या कायद्याने आले. माझ्यातला बँकवाला जागा झाला आणि मी त्याला एकेक नियम विचारीत गेलो. आजारपणाचा बराचसा पहिला खर्च स्वतः सोसायचा, अशा प्रकारची विमा योजना असलेल्यालाच हे खाते उघडता येते. २०२६ सालासाठी भरण्याची मर्यादा एकट्याला ४,४०० डॉलर आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर. मालकाने भर घातली तर तीही याच मर्यादेत मोजायची. पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्याला जादा एक हजार. वृद्धांची सरकारी मेडिकेअर योजना सुरू झाली की भरणे बंद. मर्यादेपेक्षा जास्त भरले आणि वेळेत काढून घेतले नाही, तर दरवर्षी सहा टक्के दंड. उरलेले पैसे मात्र बुडत नाहीत, पुढे चालत राहतात.

"पण काका, एक गंमत आहे," तो म्हणाला. "हे खाते नवरा-बायकोच्या नावाने जोडीने उघडताच येत नाही. ज्याचे त्याचे वेगळे. खर्च एकमेकांसाठी करता येतो. पण दोघेही पंचावन्नच्या पुढे असले तर बायकोचे जादा हजार बायकोच्याच खात्यात जायला हवेत, नवऱ्याच्या खात्यात चालत नाहीत."

त्याला ती गंमत वाटली. मला मात्र ती काउंटरशी उभी राहिलेली बाई आठवली.

अमेरिकेचे सारेच चांगले असे म्हणण्याचा हेतू नाही. ज्याच्याकडे उरते त्यानेच साठवायचे, असा तिकडचा न्याय. ज्याच्याकडे उरतच नाही त्याने काय करायचे? आपल्याकडे ही जबाबदारी निदान कागदावर तरी समाजाने आणि सरकारने वाटून घेतलेली आहे. तेव्हा आपल्याकडच्या हंड्या कोणत्या, आणि त्यांत कोण भर घालते, ते पाहू.

सर्वांत जुनी हंडी कामगार राज्य विम्याची, १९४८ च्या कायद्याने आलेली. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, असे मिळून चार टक्के. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. मासिक वेतन एकवीस हजारांपर्यंत असलेल्या कामगाराला हा विमा लागू. यातही मुदतींचे गणित आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चमधल्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाची भरपाई मिळण्यासाठी त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ज्यांची मुले-मुली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, किंवा चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत, त्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते का ते पाहावे. कपात होत असेल आणि कार्डच काढलेले नसेल, तर आपलेच पैसे आपण वाऱ्यावर सोडले असे समजावे.

पण ऊसतोडणीवाल्याला या हंडीचा उपयोग नाही. हा कायदा मुळातच हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट घातलेले होते. शिवाय तोडणीवाला कारखान्याच्या पटावर असतोच कुठे? तो मुकादमाचा माणूस.

त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले. त्याच्या निधीची रीत अशी ठरली की कारखान्याने गाळलेल्या उसाच्या दर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. कामगाराच्या मजुरीतून काही नाही. हे न्याय्यच आहे. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो आणि हंगाम दीडशे दिवस चालतो असे धरले, तर तीनशे टन होतात. कारखान्याचे तीन हजार आणि सरकारचे तीन हजार, म्हणजे एका जोडप्याच्या घामावर एका हंगामात सहा हजार रुपये जमा व्हायला हवेत. पण ही वर्गणी टनाच्या नावाने जमा होते, माणसाच्या नावाने नाही. त्यातले तीन हजार माझे, असे कोणा बाईला म्हणता येत नाही. निधी सामाईक असायला हरकत नाही; सप्ताहाचाही तसाच असतो. मात्र तिथे कोणाची पंगत कधी, हे गावाला ठाऊक असते. म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र महत्त्वाचे. ते काढताना कोयत्याचे एक नव्हे, तर नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे काढावे. ग्रामसेवकाकडे जाताना दोघांनी जावे.

तिसरी हंडी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. हिच्यात कुटुंबाने एक पैसाही भरायचा नाही. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांवर गेले. सत्तर वर्षांच्या पुढच्यांसाठी केंद्राच्या आयुष्मान योजनेचे वेगळे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही.

या योजनेने असंख्य घरे सावरली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तिचेही नियम आहेत. उपचार ठरावीक यादीतला हवा, रुग्णालय योजनेतले हवे, शिधापत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव जुळायला हवे. लग्नानंतर सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झाले आणि सासरच्या पत्रिकेत चढलेच नाही, तर ऐन वेळी धावाधाव होते. हे नाव चढवणे हीच या योजनेची खरी वर्गणी म्हणायची. ती पैशाने भरायची नसते, पण वेळेवर भरावी लागते.

आणि एवढे करूनही एक फट उरते. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. गावातल्या डॉक्टरची फी, तपासणी, आठ दिवसांची औषधे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, यांतले बरेचसे तिच्याबाहेर राहते. फडावर तर एक दिवस कामाला गेले नाही की 'खाडा' लागतो. मजुरी बुडते ती वेगळीच, वर दंडही. मग बाई दुखणे अंगावर काढते. पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. लहान दुखणे लहान असताना त्याला कोणी दोनशे रुपये देत नाही, आणि ते मोठे झाले की पंचवीस-तीस हजारांची उचल मिळते.

याचे काय होते, ते २०१९ साली साऱ्या देशाने वाचले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. ते आवश्यकच होते. पण परवानगीचा कागद शस्त्रक्रिया थांबवतो, दुखणे थांबवत नाही. दुखणे थांबवायचे तर पहिल्या आठवड्यातच त्या बाईच्या हातात तिचे स्वतःचे पाचशे रुपये असायला हवेत.

आपल्या पांढरपेशा घरांनी मात्र ऊसतोडणीवालीकडे फार दयेने पाहू नये. रविवारचा चहा घेत हे वाचणाऱ्या घरांतली रीत तरी कुठे वेगळी आहे? नवऱ्याच्या रक्तदाबाची गोळी महिन्याच्या यादीत असते. बायकोचा गुडघा पुढच्या महिन्यावर, मग दिवाळीनंतर, मग मुलाच्या परीक्षेनंतर. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. त्याच सुमारास आयकराच्या १९६१ च्या कायद्यात '८० ड' या नावाने ओळखली जाणारी सवलत आली. तिचे नियमही थोडक्यात सांगतो. स्वतः, पती वा पत्नी आणि मुलांच्या विम्यासाठी वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत वजावट, आई-वडिलांसाठी वेगळे पंचवीस हजार. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत ही मर्यादा पन्नास हजार. आई-वडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असे नाही. पण सासू-सासरे यात बसत नाहीत. हप्ता रोखीने भरला तर सवलत नाही. धनादेश किंवा बँकेमार्फतच हवा. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा खर्चही पन्नास हजारांपर्यंत धरता येतो. नवी करपद्धती घेणाऱ्याला मात्र यांतले काहीच नाही. म्हणून करासाठी विमा काढणाऱ्यांनी आता तो सोडून द्यायचा का? सवलत गेली, आजार गेलेला नाही.

विम्याचा हप्ता चुकवणे हा आपला दुसरा दोष. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटली की वर्षानुवर्षे जमवलेली प्रतीक्षेची पुण्याई गेली. आधीच्या आजारासाठी असलेली प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, पण ती मोजायला सुरुवात होते पहिल्या हप्त्यापासून. मधुमेह लपवून काढलेली पॉलिसी म्हणजे खोट्या सहीचा धनादेश. वटेल तेव्हा वटेल.

आता राहिला प्रश्न लहान दुखण्याच्या पैशाचा, म्हणजे आपल्या घरगुती खात्याचा. त्यासाठी अमेरिकेच्या कायद्याची गरज नाही. घरातल्या प्रत्येक बाईचे स्वतःच्या नावाचे बचत खाते असावे. २०१४ च्या जनधन योजनेने शून्य शिलकीवर ते उघडता येते, कार्ड मिळते, आणि बीडचे पैसे कोल्हापुरात काढता येतात. माझ्या वेळी ही सोय असती तर ती बाई माझ्यापुढे उभीच राहिली नसती. कार्ड मात्र तिच्याजवळ असावे आणि आकडाही तिलाच ठाऊक असावा. मुकादमाच्या पाकिटात दहा जणींची कार्डे असतील तर ते खाते मुकादमाचे.

थोडे मोठे साठवायचे तर पोस्टाचे आवर्ती खाते आहे. महिन्याला किमान शंभर रुपये, मुदत पाच वर्षे. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या पंधरापर्यंत, त्यानंतर उघडलेल्याचा महिनाअखेर. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. चारपेक्षा जास्त चुकले तर खाते खंडित. ऊसतोडणीवाल्यांना वाटते की सहा महिने गावात नाही, हप्ता कसा भरणार? त्याचीही सोय आहे. हप्ते आगाऊ भरता येतात, आणि सहा वा अधिक आगाऊ भरले तर थोडी सूटही मिळते. उचल हातात पडल्याच्या दिवशीच सहा हप्ते भरून टाकले की हंगामभर चिंता नाही. वर्षभर बारा हप्ते नियमित भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते.

आणि हा पैसा ठेवावा कुठे, याबद्दल एक कळकळीची सूचना. जास्त व्याजाच्या पाटीला भुलून पतसंस्थांत आणि मल्टिस्टेटांत ठेवलेली पुंजी अडकल्याने आपल्या जिल्ह्यात किती घरांत उपचार थांबले, ते सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. आजारपणाचा पैसा वाढवायचा नसतो, हवा तेव्हा मिळायला हवा असतो.

यंदा ट्रक निघण्याआधी ओसरीवर उचल मोजली जाईल तेव्हा लग्न, बोअर आणि पत्रे यांच्याबरोबर आणखी एक नाव त्या यादीत यावे, एवढीच इच्छा आहे. आपल्या घरांतही एक तारखेला पगार येईल तेव्हा तसेच. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती जिचे दुखणे तिच्या नावाने असावी. त्या दुपारी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पस्तीस वर्षांनी मला इतकेच देता येते: नाही बाई, ऊस त्याने एकट्याने तोडला नव्हता.